व्यापारवाद व वसाहती

सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पश्चिम यूरोपातील राज्यांनी अनुसरलेल्या आर्थिक धोरणांना व त्यांच्या समर्थनार्थ मांडल्या गेलेल्या विचारांना ‘व्यापारवाद’ ही संज्ञा लावण्यात येते. राष्ट्राचे सामर्थ्य त्याच्या संपत्तीवर आणि ती संपत्ती मुख्यतः अनुकूल व्यापारशेषावर अवलंबून असते. म्हणून निर्यात वाढवावी, पक्क्या मालाची आयात रोखावी, आपला माल शक्यतो आपल्याच जहाजांतून न्यावा आणि व्यापारातून हाती येणारे सोने व चांदी देशातच राखावी, हे या धोरणाचे सर्वसाधारण सूत्र होय. या योजनेत वसाहतींना खास स्थान होते. मातृदेशात न पिकणारा कच्चा माल पुरविणे, मातृदेशाचा पक्का माल विकत घेणे आणि त्याच्या उद्योगधंद्यांशी स्पर्धा न करणे, ही वसाहतींची कर्तव्ये मानली गेली. हे संबंध वरकरणी मालाच्या देवघेवीचे असले, तरी व्यापाराचे नियम करण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, यावरच त्यांचे खरे स्वरूप ठरत असे. स्पेन, पोर्तुगाल, इंग्लंड व फ्रान्स यांच्या साम्राज्यांच्या आणि विशेषतः ब्रिटिश अमेरिका व भारत यांच्या इतिहासावरून ही गोष्ट स्पष्ट होते.

तत्त्वे व पुरस्कर्ते : व्यापारवाद्यांचा असा संघटित संप्रदाय कधीच नव्हता. व्यापारी, कंपन्यांचे संचालक व राजांचे मंत्री यांनी प्रसंगोपात्त लिहिलेल्या पुस्तिकांतून आणि राज्यांच्या प्रत्यक्ष कायद्यांतून हा विचार आकारास आला. त्याला नाव मिळाले, तेही त्याच्या टीकाकारांकडून. फ्रान्समधील प्रकृतिवादी अर्थशास्त्रज्ञांनी आणि त्यानंतर ॲडम स्मिथने १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथात ‘व्यापारी पद्धती’ म्हणून त्याचा परामर्श घेतला.

इंग्लंडमधील प्रमुख व्यापारवादी लेखक टॉमस मन (१५७१–१६४१) हा ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक होता. कंपनी दरवर्षी देशातील चांदी पूर्वेकडे पाठविते, या आक्षेपाला त्याने १६२१ मध्ये एक पुस्तिका लिहून उत्तर दिले. पूर्वेकडून आणलेला माल यूरोपात पुन्हा विकल्याने बाहेर गेलेल्या चांदीपेक्षा अधिक चांदी परत येते, असा त्याचा युक्तिवाद होता. पेरणीच्या वेळी धान्य जमिनीत टाकणारा शेतकरी सुगीचा विचार न करणाऱ्यास वेडाच वाटेल, असा दृष्टांतही त्याने दिला. त्याच्या मृत्यूनंतर १६६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विदेश व्यापार हाच राष्ट्राच्या संपत्तीचा मुख्य मार्ग असल्याचे प्रतिपादन आढळते. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईचा मंत्री झां बातीस्त कॉलबेअर (१६१९–८३) याने हेच धोरण राज्यकारभारात उतरविले. १६६४ व १६६७ मध्ये त्याने जकातींची पुनर्रचना केली. १६६४ मध्येच पूर्व व पश्चिम इंडीजसाठी दोन कंपन्या स्थापण्यात आल्या. जगातील एकूण व्यापार मर्यादित असून एका राष्ट्राचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यातूनच वाढू शकतो, अशी त्याची धारणा होती. त्यामुळे व्यापार आणि युद्ध या दोन्ही गोष्टी त्या काळी एकमेकींपासून फारशा अलग राहिल्या नाहीत.

स्पेन व पोर्तुगाल : अमेरिकेशी चालणाऱ्या व्यापाराच्या नियंत्रणासाठी स्पेनच्या राजसत्तेने १५०३ मध्ये सेव्हिल येथे एक व्यापारगृह स्थापन केले. वसाहतींशी होणारी सर्व ये-जा या एकाच बंदरातून आणि पुढे ठराविक वेळी निघणाऱ्या संरक्षित ताफ्यांतून होऊ लागली. १५४५ मध्ये आजच्या बोलिव्हियातील पोतोसी येथे चांदीच्या खाणी सापडल्या. खाणींच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा हा राजाचा हक्क मानला जाई. १५७०–८० या दशकात पेरूच्या व्हाइसरॉयने तेथील इंडियन गावांवर खाणकामासाठी पाळीपाळीने सक्तीचे मजूर पुरविण्याचे बंधन घातले. चांदीच्या त्या प्रवाहामागे ही वेठ उभी होती.

तथापि स्पेनमध्ये चांदी टिकली नाही. वसाहतींना लागणारे कापड, कागद, लोखंडी सामान इ. पक्का माल स्पेनमध्ये पुरेसा तयार होत नसल्याने तो नेदर्लंड्स, फ्रान्स व इटलीतून घेतला जाई. युद्धांचा खर्च जेनोआच्या व जर्मन सावकारांच्या कर्जावर भागविला जाई. १५५७, १५७५ आणि १५९६ या वर्षी राजसत्तेला देणी थांबवावी लागली. पैशाची विपुलता झाली, की त्याची क्रयशक्ती घटते, हे निरीक्षण सालामांका परंपरेतील मार्तीन दे आस्पिलक्वेता याने १५५६ मध्येच नोंदविले होते. सोन्या-चांदीचा साठा म्हणजेच संपत्ती, या समजुतीची मर्यादा स्पेनच्या उदाहरणाने पुढील लेखकांना दाखवून दिली. वसाहतीपासून खरा लाभ होण्यासाठी मातृदेशाची उत्पादनक्षमता व जहाजे यांचीही गरज असते, असा धडा इंग्लंड व फ्रान्स यांनी त्यावरून घेतला.

पोर्तुगालने हिंदी महासागरात निराळा मार्ग स्वीकारला. १५१० मध्ये गोवा जिंकल्यानंतर तेथून चालणाऱ्या सत्तेने आशियाई व्यापाऱ्यांच्या जहाजांना ‘कार्ताझ’ नावाचे परवाने घेण्यास भाग पाडले. परवाना नसलेले जहाज पकडले जाई. परवाना असलेल्या जहाजास पोर्तुगीज ठाण्यांवर जकात भरावी लागे. शतकानुशतके खुल्या राहिलेल्या समुद्रावर एका सत्तेने स्वतःचा कायदा लादण्याचा हा प्रयत्न होता. ब्राझीलमध्येही हेच सूत्र राहिले. १७८५ च्या राजाज्ञेने तेथील जाडेभरडे कापड वगळता इतर वस्त्रोद्योगास बंदी घातली.

इंग्लंडचे नौकानयन कायदे : सतराव्या शतकाच्या मध्यास यूरोपातील मालवाहतुकीत डचांचे वर्चस्व होते. ते मोडण्यासाठी इंग्लंडच्या पार्लमेंटने १६५१ मध्ये पहिला महत्त्वाचा नौकानयन कायदा संमत केला. आशिया, आफ्रिका व अमेरिका येथील माल केवळ इंग्रजी जहाजांतूनच इंग्लंडमध्ये आणता येईल, असे त्याने ठरविले. पुढील वर्षी इंग्लंड व नेदर्लंड्स यांच्यात युद्ध जुंपले. १६६० च्या कायद्याने जहाजाचा कप्तान व तीन-चतुर्थांश खलाशी इंग्रज असण्याची अट घातली. वसाहतींतील साखर, तंबाखू, कापूस, नीळ, आले व रंगाची लाकडे हा ‘नामनिर्दिष्ट’ माल इंग्लंड किंवा तिच्या वसाहती यांखेरीज अन्यत्र पाठविण्यास मनाई झाली. १६६३ च्या कायद्यानुसार वसाहतींना लागणारा बहुतेक यूरोपीय माल इंग्लंडमार्गेच नेणे बंधनकारक ठरले. १६९६ मध्ये व्यापारमंडळाची स्थापना झाली आणि ज्यूरीविना खटले चालविणाऱ्या नाविक न्यायालयांचा विस्तार वसाहतींत करण्यात आला.

यांना पूरक असे उद्योगविषयक कायदेही झाले. १६९९ च्या कायद्याने वसाहतीत विणलेले लोकरी कापड वसाहतीबाहेर विकण्यास बंदी केली. १७३२ च्या कायद्याने टोप्यांच्या निर्यातीवर आणि त्या धंद्यातील उमेदवारांच्या संख्येवर बंधन घातले. १७५० च्या कायद्याने वसाहतींतील कच्च्या लोखंडास इंग्लंडमध्ये जकातमाफी दिली. त्याच वेळी लोखंड कापण्याचे नवे कारखाने व पोलादाच्या भट्ट्या उभारण्यास मनाई केली. कच्चे लोखंड हवे, पण त्याचे खिळे, पत्रे आणि हत्यारे मात्र इंग्लंडमध्येच व्हावीत, ही विभागणी या एकाच कायद्यात स्पष्ट दिसते.

या व्यवस्थेपासून वसाहतींना काहीच लाभ नव्हता, असे म्हणता येत नाही. वसाहतींतील जहाजेही इंग्रजी गणली जात असल्याने न्यू इंग्लंडमध्ये जहाजबांधणी भरभराटीस आली. १७७५ च्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या एकूण टनभारापैकी सु. एक-तृतीयांश जहाजे अमेरिकेत बांधलेली होती. व्हर्जिनियाच्या तंबाखूस बाजारपेठ राहावी म्हणून खुद्द इंग्लंडमध्ये तंबाखूच्या लागवडीस बंदी होती. नीळ, डांबर, डोलकाठ्या यांसारख्या मालास उत्तेजनार्थ अनुदाने मिळत. साम्राज्याच्या आरमाराचे संरक्षण वसाहतींतील व्यापारासही लाभे.

साखर व गुलामगिरी : व्यापारवादी हिशोबात सर्वांत मोलाच्या वसाहती म्हणजे कॅरिबियन बेटे होत. बार्बेडोस, जमेका, तसेच फ्रेंच मार्टिनीक व सँ-दोमँग येथील साखरेच्या मळ्यांना स्थानिक उद्योगांची आवश्यकताच नव्हती. धान्य, कापड व अवजारे बाहेरून येत आणि संपूर्ण उत्पन्न मातृदेशाकडे जाई. हे मळे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर चालत. १६७२ मध्ये सनद मिळालेल्या रॉयल आफ्रिकन कंपनीस या व्यापाराची मक्तेदारी देण्यात आली होती. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांत सु. १ कोटी २५ लाख आफ्रिकी स्त्रीपुरुषांना जहाजांत चढविण्यात आले, त्यांपैकी सु. १८ लाख वाटेतच मरण पावले. ज्यांच्या श्रमांवर व्यापारशेष अनुकूल होत असे, त्यांची गणना व्यापारवादी ताळेबंदात माल म्हणूनच होत असे. या गुलामांच्या खरेदीसाठी पश्चिम आफ्रिकेत दिल्या जाणाऱ्या वस्तूंत भारतीय सुती कापडाचा वाटा मोठा होता. गुजरात व कोरोमंडल किनाऱ्यावरील विणकर अशा रीतीने त्यांच्या नकळत अटलांटिक व्यापाराशी जोडले गेले होते.

अमेरिकन वसाहतींचे बंड : सतराव्या शतकाच्या अखेरीपासून १७६३ पर्यंत या कायद्यांची अंमलबजावणी शिथिल होती. १७३३ च्या कायद्याने परकीय बेटांतून येणाऱ्या काकवीवर दर गॅलनला सहा पेन्स जकात बसविली. तथापि न्यू इंग्लंडमधील रमचे कारखाने फ्रेंच बेटांतील चोरट्या मालावरच चालत राहिले. सप्तवार्षिक युद्ध १७६३ मध्ये संपले, तेव्हा ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज १३ कोटी पौंडांच्या घरात गेले होते. आतापर्यंत व्यापाराचे नियमन करणाऱ्या कायद्यांचा उपयोग महसूल वसूल करण्यासाठी करण्याचे सरकारने ठरविले. १७६४ च्या साखर कायद्याने काकवीवरील जकात निम्म्याने कमी केली, पण तिच्या वसुलीची व्यवस्था कडक केली. १७६५ चा मुद्रांक कायदा तीव्र विरोधामुळे पुढील वर्षी मागे घ्यावा लागला. १७६७ मध्ये चहा, काच, कागद इत्यादींवर नव्या जकाती बसल्या.

१७७३ चा चहाविषयक कायदा या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यायोगे ईस्ट इंडिया कंपनीस आपला चहा थेट अमेरिकेत पाठविण्याची सवलत मिळाली आणि चहा पूर्वीपेक्षा स्वस्त होणार होता. पौंडामागे तीन पेन्सांची जकात तेवढी कायम ठेवण्यात आली. तरीही १६ डिसेंबर १७७३ रोजी बॉस्टन बंदरात चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात फेकण्यात आल्या. नौकानयन कायद्यांमुळे अमेरिकन वसाहतींवर पडलेला निव्वळ बोजा त्यांच्या एकूण उत्पन्नाच्या एखाद्या टक्क्याच्या आसपास असावा, असा अनेक आधुनिक आर्थिक इतिहासकारांचा अंदाज आहे. बोजा अल्प असतानाही बंड का झाले, याचे उत्तर जकातीच्या दरात सापडत नाही. ज्या पार्लमेंटमध्ये आपला प्रतिनिधी नाही, त्याने आपला व्यापार व कर ठरवावेत काय, हा खरा वाद होता. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील तक्रारींत जगाशी चालणारा व्यापार तोडल्याचा आणि संमतीवाचून कर लादल्याचा स्वतंत्र उल्लेख आहे.

भारत : व्यापारवादी सूत्रांत भारत प्रथम बसत नव्हता. ३१ डिसेंबर १६०० च्या सनदेने ईस्ट इंडिया कंपनीस प्रत्येक सफरीबरोबर ३०,००० पौंडांपर्यंतचे नाणे व धातू नेण्याची परवानगी दिली, कारण इंग्लंडच्या लोकरी कापडास भारतात फारसे गिऱ्हाईक नव्हते. सुरत, मसुलीपटणम व हुगळी येथील बाजारांत सुती कापड, रेशीम, नीळ, सोरा व मिरी घ्यावयाची, तर चांदी मोजावी लागे. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत कंपनीच्या पूर्वेकडील निर्यातीत चांदीचा हिस्सा दोन-तृतीयांशाहून अधिक राहिला. १६६८ मध्ये वार्षिक १० पौंड भाड्याने कंपनीकडे आलेले मुंबई बेट हेही दीर्घकाळ नफ्याचे ठाणे ठरले नाही. जोवर कंपनी येथे इतर व्यापाऱ्यांप्रमाणे एक व्यापारी होती, तोवर तिला बाजारभावानेच माल घ्यावा लागे.

भारतीय कापडाची इंग्लंडमधील लोकप्रियता तेथील लोकर व रेशीम विणकरांना जाचू लागली. १६९७ मध्ये लंडनमध्ये विणकरांनी दंगे केले. १७०० च्या कायद्याने पूर्वेकडील रेशमी व छापील सुती कापडाच्या इंग्लंडमधील वापरास बंदी घातली. पुनर्निर्यातीसाठी मात्र ते गोदामात ठेवण्याची मुभा होती. कोऱ्या भारतीय कापडावर इंग्लंडमध्येच छपाई होऊ लागली, तेव्हा १७१९ मध्ये पुन्हा दंगे झाले आणि १७२१ च्या कायद्याने बहुतेक छापील सुती कापड वापरण्यासही मनाई केली. ही बंदी १७७४ मध्ये उठली. तोपर्यंत लँकाशरच्या सुती धंद्याने या संरक्षणाच्या छायेत मूळ धरले होते.

१७५७ ची प्लासीची लढाई आणि १७६५ मध्ये मिळालेली बंगाल, बिहार व ओरिसाची दिवाणी यांनी स्थिती पालटली. कंपनी आता जमीनमहसूल गोळा करू लागली आणि त्याच महसुलातून निर्यातीचा माल विकत घेऊ लागली. या खरेदीस तिच्या हिशोबात ‘गुंतवणूक’ असे नाव होते. इंग्लंडहून बंगालमध्ये येणारी चांदी जवळजवळ बंद झाली. रयतेने कर भरावा आणि त्या कराच्या पैशांतून तिच्याच विणकरांचा माल घेऊन परदेशी न्यावा, अशी ही व्यवस्था होती. त्या निर्यातीच्या बदल्यात देशात काहीही येत नसे. विणकरांना आगाऊ रकमा देऊन त्यांना कंपनीच्या गुमास्त्यांशी बांधून घेण्यात येई व इतरांना माल विकण्यास मज्जाव केला जाई. १७६९–७० च्या भीषण दुष्काळातही महसुलाची वसुली कडकपणे चालू राहिली. एडमंड बर्कने तयार केलेल्या पार्लमेंटच्या निवड समितीच्या १७८३ च्या नवव्या अहवालात या गुंतवणुकीची कठोर चिकित्सा आढळते. दुष्काळानंतर कंपनीची आर्थिक स्थिती ढासळली. तिला सावरण्यासाठी योजलेल्या उपायांपैकी एक म्हणजे वर उल्लेखिलेला १७७३ चा चहाविषयक कायदा होय. बंगालमधील अरिष्ट आणि बॉस्टनमधील उद्रेक हे एकाच साम्राज्याच्या व्यवहाराशी निगडित होते.

मुक्त व्यापाराकडे : डेव्हिड ह्यूमने १७५२ मध्ये दाखवून दिले, की देशात धातुचलन वाढल्यास किमती वाढतात, निर्यात घटते आणि जमा झालेले सोने-चांदी पुन्हा बाहेर जाते, म्हणून व्यापारशेष कायमचा अनुकूल राखणे शक्य नाही. ॲडम स्मिथने वसाहतींची मक्तेदारी मातृदेशातील भांडवल अनैसर्गिक दिशेस वळविते आणि तिचा लाभ सर्व राष्ट्रास न होता व्यापाऱ्यांच्या एका वर्गास होतो, असे प्रतिपादन केले. १८१३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची भारताच्या व्यापारातील व १८३३ मध्ये चीनच्या व्यापारातील मक्तेदारी संपुष्टात आली. १८४६ मध्ये धान्यविषयक कायदे आणि १८४९ मध्ये नौकानयन कायदे रद्द झाले.

भारताच्या बाबतीत मात्र नियम बदलले, नियम करणारा बदलला नाही. १८१३ च्या सुमारास भारतीय सुती कापडावर इंग्लंडमध्ये सत्तर टक्क्यांहून अधिक जकात होती, तर ब्रिटिश कापड नाममात्र जकातीवर भारतात येत होते. यंत्रोत्पादित मालाच्या स्वस्ताईस ही विषमता साहाय्यभूत झाली. पुढे मुक्त व्यापाराचे तत्त्वही याच असमान पायावर राबविले गेले. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली व हा धंदा वाढू लागला, तेव्हा लँकाशरच्या आग्रहामुळे १८८२ मध्ये कापडावरील आयात जकात रद्द झाली. महसुलाच्या निकडीने ती पुन्हा बसवावी लागली. १८९६ मध्ये तिचा दर साडेतीन टक्के ठरला, त्या वेळी भारतीय गिरण्यांच्या कापडावरही तेवढेच उत्पादनशुल्क लादण्यात आले. ते १९२५ मध्ये तहकूब होऊन १९२६ मध्ये रद्द झाले.

या व्यवहाराची चिकित्सा भारतीयांनी लवकरच सुरू केली. भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी १८४१ मध्ये ‘बाँबे गॅझेट’मध्ये ‘एक हिंदू’ या सहीने लिहिलेल्या पत्रांत भारतातील संपत्ती बाहेर नेली जात असल्याचा आरोप केला होता. दादाभाई नवरोजी यांनी १८६७ पासून संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धांत आकडेवारीनिशी मांडला. १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांचे हे विचार एकत्र आले आहेत. व्यापारवादी लेखक निर्यातीचे आधिक्य हे समृद्धीचे लक्षण मानीत. भारताची निर्यात आयातीपेक्षा सतत अधिक असूनही देश दरिद्री राहतो, कारण त्या आधिक्याचा मोबदला देशात परत येत नाही, हे दादाभाईंनी दाखवून दिले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील व्याख्यानात अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना व सर्व काळी सारखेच लागू पडतात, हे मत अमान्य केले आणि जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रीड्रिख लिस्टप्रमाणे उद्योगांच्या वाढीसाठी राज्याच्या साहाय्याचे समर्थन केले.

मूल्यमापन : गुस्टाफ श्मोलर या जर्मन इतिहासकाराने व्यापारवादाकडे राष्ट्रीय राज्याच्या उभारणीचे साधन म्हणून पाहिले. स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ एली हेक्शरने १९३१ च्या ग्रंथात त्यातील वैचारिक उणिवा विस्ताराने दाखविल्या, तर जॉन मेनार्ड केन्सने १९३६ मध्ये रोजगार व व्याजदर यांच्या संदर्भात त्यातील काही अंश ग्राह्य मानला. एरिक विल्यम्सने १९४४ मध्ये गुलामगिरीतून मिळालेला नफा व ब्रिटनची औद्योगिक क्रांती यांचा संबंध जोडला. त्या नफ्याचे प्रमाण व महत्त्व किती, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत.

सिद्धांत म्हणून व्यापारवाद सोने, चांदी व व्यापारशेष यांविषयी बोलत असला, तरी त्याचे परिणाम सर्वत्र सारखे झाले नाहीत. न्यू इंग्लंडमधील जहाजमालकांना त्याच कायद्यांनी संरक्षण दिले, ज्यांनी त्यांच्या लोहारांचे हात बांधले. बंड करण्याइतके राजकीय संघटन असल्याने त्या वसाहती त्यातून मुक्त होऊ शकल्या. कॅरिबियन मळ्यांवरील गुलामांना नियमांचा केवळ भार मिळाला. भारतातून १७५७ पूर्वी जो माल चांदी देऊन घ्यावा लागे, तोच माल सत्ता हाती येताच करातून मिळू लागला. या काळात माल बदलला नव्हता, विणकर बदलला नव्हता, बदलला होता तो केवळ राज्यकर्ता. साम्राज्य व वसाहत यांच्यातील आर्थिक संबंधांचा विचार करताना जकातीच्या दरांइतकेच महत्त्व ते ठरविणाऱ्या सत्तेस द्यावे लागते, हा या दीर्घ कालखंडाच्या इतिहासाचा निष्कर्ष होय.